पोचवायची राहिलेली चिठ्ठी

बिबवेवाडी, पुणे
रविवार, ९ जून २०२४

आदरणीय बापट सर,
सा. न. वि. वि.

मी वल्लरी मोघे. तिसरी अ मध्ये तुमच्या वर्गात होते, आता नववीत गेले. खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर जिची जागा होती आणि जी तिथे कधीच नसायची, ती मी.

मराठीच्या पेपरात पत्राला पाच मार्क असतात आणि मला दोन पडतात, कारण तारीख राहते. म्हणून आज सगळ्यात आधी तारीख लिहिली. तुम्हाला फोनच करणार होते, पण शाळेच्या ऑफिसमधल्या काकू म्हणाल्या, सरांना फोनवर ऐकू येत नाही, पत्ता घेऊन जा. पाकीट आणायला पोस्टात तीनदा गेले. एकदा पोस्ट बंद होतं. एकदा पैसे घरी राहिले. एकदा रांगेत उभी राहिले आणि आपण इथे कशाला आलो तेच आठवेना, तशीच परत आले. हे पाकीट शेवटी आईने आणलं.

आता मुद्दा. मुद्द्यावर येत नाही म्हणून पण मार्क जातात.

आम्ही मे महिन्यात घर बदललं. बांधाबांध करताना माळ्यावर माझं तिसरीतलं दप्तर सापडलं. पुढच्या कप्प्यात अर्धा खोडरबर, एक चिंचोका आणि एक चिठ्ठी. पिन मारलेली. वर तुमच्या अक्षरात 'दुर्गाबाई, चौथी ब' आणि कोपऱ्यात तारीख, १५ फेब्रुवारी २०१९.

सर, ही तुम्ही मला पोचवायला दिली होती आणि मी पोचवली नाही. वाटेत काय झालं आठवत नाही. बहुतेक मांजर असेल. तेव्हा पाण्याच्या टाकीमागे मांजरीची पिल्लं होती.

मी ती उघडलेली नाही. तुम्ही सांगायचात, चिठ्ठी ज्याची त्याने उघडायची. आता मी काय करू? पाच वर्षं उशीर झाला आहे, पण माझ्या हिशेबाने तो फार नाही. आई म्हणते मी कालचं आजसुद्धा करत नाही.

वर्गात तुम्ही चिठ्ठ्या फक्त मलाच द्यायचात, हे मी अजून सगळ्यांना सांगते. म्हणजे सांगायचे.

आपली विद्यार्थिनी,
वल्लरी

ता. क. मला दुसरीत डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. आता मी शांत झाले आहे. सातवीत गोळ्या पण बंद केल्या.


सदाशिव पेठ, पुणे ३०
१७ जून २०२४

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बिबवेवाडीहून सदाशिव पेठेत यायला त्याला पाच दिवस लागले. पायी आलं असतं तर त्याच दिवशी पोचलं असतं.

तू आठवतेस. तू नसलीस की वर्ग आहे आणि असलीस की जत्रा आहे, असं मी म्हणत असे. अक्षर अजून तसंच आहे. ओळीवरून निघतं आणि दुसऱ्याच गावाला जातं.

चिठ्ठीचं म्हणशील तर फेकून दे. पाच वर्षांपूर्वीच्या शाळेच्या चिठ्ठीत काय असणार? खडू, हजेरी, फार तर स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या. काही अडलं नाही, कोणाचं नुकसान झालं नाही. दुर्गाबाई कधीच निवृत्त झाल्या, हडपसरला मुलाकडे असतात. त्यांना आता खडूची गरज नाही.

माझं ठीक आहे. दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा बंगळुरात असतो आणि दर रविवारी फोन करतो. मला ऐकू येत नाही, त्याला बोलायला काही नसतं, त्यामुळे आमचं उत्तम चालतं. भेटायला यायची तसदी घेऊ नये. एक ते चार मी झोपतो आणि उरलेल्या वेळात मला बेल ऐकू येत नाही.

पत्र मात्र लिहायला हरकत नाही. मैत्रिणी कोण आहेत तुझ्या? अभ्यास कसा चालला आहे?

तुझा,
श. व. बापट


बिबवेवाडी
रविवार, ३० जून २०२४

आदरणीय सर,

शाळा छान चालू आहे. निकिता माझी बेस्ट फ्रेंड आहे. आम्ही एका बाकावर बसतो, डबा एकत्र खातो, तिच्या डब्यात मंगळवारी थालीपीठ असतं आणि ती अर्धं मला देते. ती चित्र फार छान काढते. वर्गात मी आता अजिबात उठत नाही. बाईंनी पालकसभेत आईला सांगितलं, वल्लरीचा काहीच त्रास नाही, वर्गात आहे की नाही कळतसुद्धा नाही. आईने पेढे आणले होते.

पण सर, चिठ्ठी मी फेकणार नाही. मोठी माणसं 'काही झालं नाही' असं म्हणतात तेव्हा नक्की काहीतरी झालेलं असतं. मी कॅलेंडर बघितलं. १५ फेब्रुवारीला शुक्रवार होता. सोमवारी तुम्ही शाळेत आला नाहीत. मंगळवारी पण नाही. मग जोशीबाई आल्या आणि म्हणाल्या आता वार्षिक परीक्षेपर्यंत मीच. तुम्ही परत आलातच नाही. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही.

तुम्ही सुट्टीचं किंवा मदतीचं काही लिहिलं होतं का त्यात? दुर्गाबाईंनी ते मुख्याध्यापकांना द्यायचं होतं का? ते मिळालं नाही म्हणून तुमची नोकरी गेली का? खरं सांगा. मला हे दप्तर सापडल्यापासून रोज वाटतं. मला सगळे सांगतात की तू विसरतेस आणि भोगतात दुसरे. बाबांचा चाकणचा कंपनीचा पास मी कुठेतरी ठेवला होता तेव्हा त्यांची एक शिफ्ट गेली होती.

वल्लरी


सदाशिव पेठ
१२ जुलै २०२४

चि. वल्लरीस आशीर्वाद.

तुझ्या तर्कशक्तीला मार्क द्यायचे तर पैकीच्या पैकी. उत्तर मात्र साफ चुकलं.

त्या शनिवारी माझ्या पत्नीचे तपासणीचे रिपोर्ट आले. तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही सकाळी. निवृत्तीला चार महिने उरले होते, शिल्लक रजा टाकली आणि घरी बसलो. तुमचा निरोप घ्यायला यायला हवं होतं. आज उद्या करत राहिलो आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली. पुढची तीन वर्षं दवाखान्याच्या त्या बाकावर गेली. तुझ्या चिठ्ठीचा यात काडीचा संबंध नाही. आता डोक्यातून काढून टाक.

तू शांत झालीस हे वाचून बरं वाटलं. तुझी आई तेव्हा माझ्यासमोर रडली होती. मी तिला सांगितलं होतं, हेमाताई, ही पोर वयात आली की आपोआप शांत होईल, चाळीस वर्षं मुलं बघतोय, गोळ्याबिळ्या फार दिवस लागायच्या नाहीत. माझं म्हणणं खरं ठरलं तर. म्हातारपणी असे प्रसंग कमी येतात, म्हणून नोंदवून ठेवतो.

निकिताला माझा आशीर्वाद सांग. मंगळवारच्या थालीपिठासोबत लोणी असतं का, तेही कळव. मी आता थालीपीठ करत नाही. एकट्यासाठी कोण भाजणी आणणार?

श. व. बापट


(पोस्टकार्ड)
सदाशिव पेठ, २५ ऑगस्ट

चि. वल्लरी,
सहा आठवडे उत्तर नाही. चाचणी परीक्षा असेल. पोस्टमन मला पाहून दुरूनच मान हलवतो. थालीपिठाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे.
श. व. बा.


बिबवेवाडी, पुणे
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

माननीय बापट सर,
सप्रेम नमस्कार.

मी हेमा मोघे, वल्लरीची आई. तुमची पत्रं तिच्या गादीखाली मिळाली. वाचायला नको होती, पण वाचली. तुम्हाला न कळवणं बरोबर होणार नाही.

निकिता तिची मैत्रीण होती. आठवीत होती. मागच्या जानेवारीपासून ती वल्लरीशी बोलत नाही. वल्लरी शेवटच्या बाकावर एकटी बसते. डबा जिन्यात खाते, हे मला शाळेच्या मावशींकडून कळलं. मला ती सांगत होती की निकिताने थालीपीठ दिलं. सर, मी दर मंगळवारी तिच्या डब्यात दोन थालीपिठं देत होते, एक निकितासाठी म्हणून. दोन्ही तीच खात होती.

चाचणीत गणिताचा पेपर कोरा. विज्ञानात पहिला प्रश्न पूर्ण, सुंदर अक्षरात, पुढे काही नाही. विचारलं तर म्हणते, वेळ कुठे गेला कळलं नाही. आम्ही रागावलो. हे म्हणाले, लहानपणी दंगा करायची ते परवडलं, आता आळशी झाली. मीही तेच म्हणाले.

या गुरुवारी ती शाळेत गेलीच नाही. बाईंचा साडेअकराला फोन आला. मी ऑफिसातून निघाले, हे चाकणहून निघाले. दोन वाजता एका अनोळखी नंबरवरून फोन आला. हडपसरहून एक बाई बोलत होत्या, म्हणाल्या, मी दुर्गा, शाळेत होते, मुलगी माझ्या घरी आहे, घाबरू नका. ती एकटी स्वारगेटला जाऊन बस पकडून गेली होती. आधी कात्रजच्या बसमध्ये बसली, मग उलट आली. अख्खी सकाळ लागली तिला.

तेव्हापासून ती आमच्याशी बोललेली नाही. रडतही नाही. जेवते, झोपते, खिडकीत बसते. दुर्गाबाईंना मी विचारलं, त्या म्हणाल्या, माझं चुकलं हो, मी हसायला नको होतं. पुढे काही सांगेनात.

त्या चिठ्ठीत काय होतं सर? तुम्हीच लिहिली होती. मला सांगाल का?

गोळ्या आम्ही तुमच्या शब्दावर बंद केल्या नाहीत, तसं म्हणणार नाही. डॉक्टर नको म्हणत होते. पण मुलीचा दंगा कमी झाला होता आणि तुमचं वाक्य माझ्या मनात होतं. मला ते खरं व्हायला हवं होतं.

आपली,
हेमा मोघे


सदाशिव पेठ
३ ऑक्टोबर २०२४

सौ. हेमाताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. सरळ लिहितो.

चिठ्ठीत काहीही नव्हतं. म्हणजे असं होतं: 'काम काही नाही. हिला पाणी द्या आणि पाच मिनिटांनी परत पाठवा.' त्या एकीतच नाही, सगळ्या चिठ्ठ्यांत हेच असे. वल्लरीला वीस मिनिटांपलीकडे बसवत नसे. हात, पाय, तोंड, तिन्ही सुटत. इतर शिक्षक अशा मुलाला वर्गाबाहेर उभं करत. मला ते बघवत नसे, म्हणून मी चिठ्ठी लिहून मैदानापलीकडे चौथी ब मध्ये पाठवत असे. पोर धावत जाई, धावत येई आणि पुढची वीस मिनिटं बसे. दुर्गाबाईंना सगळं ठाऊक होतं. आम्ही याला युक्ती म्हणत होतो. जूनमध्ये तिने विचारलं तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. खडू आणि खुर्च्या म्हणून वेळ मारून नेली. ती त्या चिठ्ठ्यांवर किती उभी होती, हे मला समजलं नाही.

दुसरी गोष्ट. ती शांत होईल असं मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा मी कोण होतो? तिसरीचा मास्तर. माझ्या वर्गातून मुलं आठव्या नवव्या वर्षी निघून जात. चौदाव्या वर्षी त्यांचं काय होतं हे मी कधी पाहिलंच नाही. रस्त्यात भेटली की 'नमस्कार सर' म्हणत आणि शांत दिसत. मास्तर समोर आल्यावर कोण उड्या मारतो? एवढ्याच पुराव्यावर मी तुम्हाला निकाल दिला. मला क्षमा करा, असं लिहिणं सोपं आहे, तरी लिहितो.

तिला आळशी म्हणू नका. ज्यांनी गोळ्या बंद करायला नको म्हटलं होतं, त्या डॉक्टरांकडे पुन्हा घेऊन जा. माझं वाक्य मनातून काढून टाका.

तिला मी लिहू का? तुम्ही नको म्हणालात तर लिहिणार नाही.

श. व. बापट


बिबवेवाडी
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

सर,

आई म्हणाली तुम्ही लिहू का असं विचारलंय. त्याआधी मीच लिहिते.

दुर्गाबाईंचा पत्ता मी शाळेच्या ऑफिसमधल्या काकूंकडून घेतला होता. त्यांनी दार उघडलं तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही, त्यांचे केस पांढरे झालेत. मी म्हणाले, बाई, बापट सरांची चिठ्ठी आहे, उशीर झाला. पाठ करून गेले होते. त्यांनी पिन काढली, वाचलं आणि हसायलाच लागल्या. म्हणाल्या, अगं वेडे, यात कधीच काही नसायचं, हे बघ. आणि मला वाचायला दिली. मग माझं तोंड बघून हसायच्या थांबल्या. मग आत गेल्या, तांब्याभांडं आणलं, मला खुर्चीवर बसवलं. मी पाणी प्यायले. पाच मिनिटं झाली असतील, मी उठले. त्या म्हणाल्या, बस गं, आईला फोन करते.

सर, मला गणित येत नाही. माझ्या वस्तू हरवतात. मला सिनेमाचा शेवट आठवत नाही. पण मला एक गोष्ट येत होती. सरांची चिठ्ठी न्यायची असली की सर मलाच बोलवायचे. निकिताला मी हे सांगितलं होतं, ती म्हणाली होती, वाह, मग तू एकदम विश्वासू. तिने तिचं एक सीक्रेट मला सांगितलं त्यामुळेच. आणि मी ते वर्गात बोलून गेले. मुद्दाम नाही. कोणीतरी त्याच विषयावर बोलत होतं आणि माझ्या तोंडातून निघालं, मला ते निघाल्यावर कळलं. ती रडत बाहेर गेली. संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं. मी सॉरी म्हणायला तिच्या घरी गेले, तिच्या आईने दार उघडलं नाही.

तेव्हापासून मी बोलतच नाही. बोलले नाही की चुकत नाही. सगळे म्हणतात शांत झाली. शांत नाही झाले सर. आधी पाय पळायचे ते दिसायचं. आता आत पळतं, ते कोणाला दिसत नाही. बाई शिकवतात, मी ऐकायला लागते आणि मध्येच कुठेतरी निघून जाते, परत येते तेव्हा फळा पुसलेला असतो. शेजारी कोणी असतं तर विचारलं असतं की काय झालं. शेजारी कोणी नाही.

तुम्ही मला बाहेर उभं नाही केलंत, हे आईने सांगितलं. पण बाहेरच काढत होतात ना? आणि सगळ्यांना माहीत होतं. दुर्गाबाईंना, शिपाईकाकांना. मला सोडून सगळ्यांना.

आता डॉक्टरांकडे जाते. त्या म्हणाल्या, खूप मुलांचं असंच होतं, धावणं कमी होतं आणि बाकीचं राहतं, आणि मुलींचं तर लक्षातच येत नाही. गोळी परत सुरू केली. फळ्यावरचं थोडं जास्त उतरवून होतं. गोळीने निकिता परत येत नाही.

मला उत्तर नको.

वल्लरी


सदाशिव पेठ
५ नोव्हेंबर २०२४

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर नको म्हणालीस. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी तुला बाहेर काढत होतो. हुशारीने, गोड बोलून, पण बाहेरच. मी तुला सांगू शकलो असतो, वल्लरी, तुझे पाय थकले नाहीत की तुझं डोकं बसत नाही, जा, मैदानाला एक फेरी मार आणि ये. आठ वर्षांच्या मुलीला एवढं कळलं असतं. मी सांगितलं नाही, कारण चिठ्ठीची युक्ती मला फार आवडली होती. शिक्षकाला स्वतःच्या युक्तीचं भारी कौतुक असतं. त्याचा त्रास तू भोगलास. मला वाईट वाटतं. हे मी पत्नीला सोडून आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

आता एक गोष्ट मात्र तू मला शिकवू नकोस, ती मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अशा चिठ्ठ्या मी तुझ्याआधीही मुलांना दिल्या होत्या. भैरू नावाचा एक होता, तो चिठ्ठी गटारात टाकून चिंचा खायला जायचा आणि तास संपला की यायचा. दुसऱ्या एकाने उघडून वाचली आणि वर्गात मोठ्याने म्हणून दाखवली. तू कधी उघडली नाहीस. वर्षभरात एकच राहिली, तीही मांजरीमुळे. ती पाच वर्षांनी सापडली तेव्हाही तू उघडली नाहीस, आणि कात्रज करून हडपसरला नेऊन जिची तिच्या हातात दिलीस. मला हे जमलं नसतं. मी शेजाऱ्यांची वीजबिलंसुद्धा वाचून मग त्यांच्या दारात टाकतो.

चिठ्ठ्या खोट्या होत्या. तू पोचवायचीस ते खोटं नव्हतं. निकिताच्या बाबतीत तू चुकलीस, आणि ती कदाचित परत येणार नाही. मी तुला उलटं सांगणार नाही. तसली वाक्यं सांगायची सवय मी मोडली आहे.

माझ्याबद्दलही थोडं खरं लिहितो, नाहीतर बरोबरी होणार नाही. माझ्याकडे कानाचं यंत्र आहे. चांगलं आहे, मुलाने घेऊन दिलं. पत्नी गेल्यावर पंधरा दिवसांनी बॅटरी संपली आणि मी ते खणात टाकलं. ऐकायला घरात होतं काय? कुकरची शिट्टी आणि खालच्या मजल्यावरचा टीव्ही. तेव्हापासून ते खणातच आहे. लोकांना मी सांगतो, ऐकू येत नाही. मुलालाही तेच सांगतो. दर रविवारी तो ओरडून ओरडून बोलतो आणि मी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवतो. या दिवाळीत तो आला नाही. फराळाचा डबा पाठवला. चकल्या चांगल्या होत्या, एकट्याने खायला जास्त होत्या.

सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. पिन मारलेली नाही, उघडीच आहे, वाचून घे. बुधवार पेठेत, दगडूशेठच्या मागच्या बोळात, कोंडीराम यांचं घड्याळं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. कानाच्या बॅटऱ्या ते ठेवतात. माझ्या यंत्राला तेरा नंबर लागतो, नारिंगी पट्टीचा. मला जिना उतरून त्या गर्दीत जाणं आता होत नाही. पोस्टमन जाणार नाही. दुसरं कोणी मला माहीत नाही.

या वेळी काम आहे. करायचं नसेल तर चिठ्ठी परत पाठव, मी समजेन. बाकी मी चारनंतर जागा असतो.

तुझा,
श. व. बापट


बिबवेवाडी
रविवार, १ डिसेंबर २०२४

सर,

तीन आठवडे मी चिठ्ठी परत पाठवणार होते. पाकीटपण आणलं, या वेळी एका फेरीत.

मग परवा शुक्रवारी शाळा सुटल्यावर गेले. आईला सांगून. दुकान सापडलं आणि चिठ्ठी घरी टेबलावर राहिली होती. नंबर आठवेना, रंग आठवत होता तो तपकिरी. कोंडीराम काकांनी तपकिरी दिल्या. घरी येऊन चिठ्ठी बघितली तर नारिंगी. काल परत गेले. काका म्हणाले, पुणेरी दुकान आहे, माल परत घेत नाही. मी म्हणाले, बापट सरांसाठी आहे. ते चष्मा काढून म्हणाले, बापट आहेत अजून? दोन वर्षांत आले नाहीत, मला वाटलं गेले. आणि बदलून दिल्या.

आता त्या माझ्या कंपासमध्ये आहेत. कंपास दप्तरात, दप्तर दाराला अडकवलंय, आणि दारावर कागद चिकटवलाय. तो आईने नाही, मी चिकटवला.

निकिता अजून पण बोलत नाही. पण मी तिला चिठ्ठी लिहिली. आत खरं लिहिलंय. ती उघडेल की नाही माहीत नाही. द्यायची मीच आहे, उद्या.

तुमच्याकडे पुढच्या रविवारी येते, आठ तारखेला, चार वाजता. बेल तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून दार उघडं ठेवा. थालीपिठाबरोबर लोणी असतं. आई देणार आहे, दोन.

सोबत चिठ्ठी जोडली आहे, तुम्हाला.

वल्लरी


बापट सर, दुसरा मजला

काम आहे. हिला पाणी द्या. पाच मिनिटांनी परत पाठवू नका.